फेसाशिवाय स्वच्छता : भांडी धुण्याचे यंत्र आणि साबणाचा धडा

साबण कसा काम करतो हे शिकवताना फळ्यावर जे चित्र काढले जाते, ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. एक गोल डोके आणि त्याला जोडलेली नागमोडी शेपटी. डोके जलरागी, शेपटी जलविरागी. अशा अनेक शेपट्या तेलाच्या थेंबात खुपसल्या आहेत आणि डोकी बाहेर पाण्याकडे वळली आहेत. या रचनेला मिसेल म्हणतात, मळ तिच्या पोटात अडकतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. चित्र सुबक आहे, लक्षात राहते आणि परीक्षेत गुणही मिळवून देते.

या चित्राची थोडी उलटतपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साक्षीदार म्हणून घरगुती भांडी धुण्याचे यंत्र घेऊ. हे यंत्र तेलकट, खरकटी, करपट भांडी बऱ्यापैकी स्वच्छ करते. परंतु त्याच्या पोटात फेस होत नाही, तो होऊ नये म्हणून खास काळजी घ्यावी लागते. त्याच्या पावडरीत डोके-शेपटीवाले रेणू असतात ते अगदी थोडे, बहुधा शेकडा पाचाच्या आतबाहेर. मग भांडी स्वच्छ करते कोण? साबणाचा धडा नीट शिकलेल्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही, धड्याचा आहे.

हा प्रश्न नवी मुंबईतील पावणे येथे अधिकच गमतीचा ठरतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोपरखैरणे आणि तुर्भे यांच्या दरम्यानचे हे गाव आज औद्योगिक वसाहतीचा भाग झाले आहे. डोके-शेपटीचे रेणू बनवणे हाच ज्यांचा मुख्य व्यवसाय आहे, अशा देशातील मोठ्या कंपन्यांपैकी एक, गॅलक्सी सर्फॅक्टंट्स, हिचे नोंदणीकृत कार्यालय पावण्यातच आहे. शाम्पू, दंतमंजन, भांड्यांचे द्रव साबण यांत जो पृष्ठसक्रिय पदार्थ लागतो, तो अशा कंपन्या पुरवतात. हा उद्योग चालतो तो त्या चित्रातल्या रेणूवर. ते रेणू खरे आहेत आणि उपयोगीही आहेत. प्रश्न एवढाच, की 'स्वच्छ होणे' या घटनेचे सगळे श्रेय त्यांना द्यावे काय?

धडा काय सांगतो?

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात कार्बनच्या संयुगांच्या प्रकरणाअखेरीस साबण आणि अपमार्जके हा भाग येतो. तो वाईट लिहिलेला नाही. परीक्षानळीत तेल आणि पाणी घेऊन साबणाने काय फरक पडतो हे मुलांनी करून पाहावे, अशी कृती त्यात आहे. मिसेल एकत्र येऊन साका का बसत नाही याचे कारण, म्हणजे सारख्या प्रभारांचे प्रतिकर्षण, दिले आहे. साबणाचे पाणी गढूळ का दिसते याचा संबंध प्रकाशाच्या विकिरणाशी जोडला आहे. कपडे धुताना ते आपटावे किंवा घुसळावे का लागतात, असा एक चांगला प्रश्न स्वाध्यायात आहे. एवढे मान्य करून तीन आक्षेप नोंदवावेसे वाटतात.

पहिला आक्षेप सुरुवातीच्या गृहीतकावर आहे. बहुतेक मळ तेलकट असतो, असे धरून धडा पुढे जातो. कपड्यांबाबत हे बरेचसे चालेल, ताटवाट्यांबाबत चालत नाही. आपल्या ताटात वाळलेला भात असतो, पिठल्याचा पापुद्रा असतो, दुधाच्या पातेल्याच्या तळाशी चिकटलेली साय असते, हळदीचा डाग असतो, चहाच्या कपातली तपकिरी कड असते. स्टार्च, प्रथिने, वनस्पतिज रंगद्रव्ये आणि टॅनिने ही काही तेले नव्हेत. वाळलेला भात शेपट्यांना दाद देत नाही, हे भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप चित्राच्या मापांवर आहे. मिसेलचा व्यास साधारण ५ नॅनोमीटर असतो. भांड्यावरून सुटलेला तेलाचा अगदी बारीक थेंबही १ मायक्रोमीटरचा, म्हणजे १००० नॅनोमीटरचा, असतो. व्यासात २०० पट फरक, म्हणजे आकारमानात २०० चा घन, ८० लाख पट. मुंगीने हत्ती गिळावा असे ते चित्र आहे. मिसेलच्या पोटात तेलाचे थोडे रेणू मावतात, नाही असे नाही. परंतु साबण मुख्यतः दोन कामे करतो. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करून पाण्याला भांड्याच्या पृष्ठभागावर शिरकाव करू देतो, त्यामुळे तेलाचा थर कडेकडेने गोळा होऊन थेंबरूपाने सुटतो. आणि सुटलेल्या थेंबांभोवती कवच करून त्यांना पुन्हा चिकटू देत नाही. धड्यातले चित्र वस्तुतः या कवचधारी थेंबाचे, म्हणजे पायसाच्या थेंबाचे आहे. त्याला नाव मात्र मिसेलचे दिले आहे.

तिसरा आक्षेप फेसाबद्दल आहे, आणि तो आपल्या परिभाषेपर्यंत पोचतो. ज्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त, त्याला मराठी पुस्तकांत 'दुष्फेन' म्हणतात. कमी असतील ते 'सुफेन'. शब्द सुरेख आहेत, साबणापुरते अचूकही आहेत. पण फेस चांगला येतो ते पाणी चांगले, आणि फेस येतो म्हणजे मळ निघतो, असा अर्थ त्यातून नकळत मनात रुजतो. जाहिराती त्यावर कळस चढवतात. एका थेंबात डोंगराएवढा फेस आणि मग चकाकणारे ताट! फेस म्हणजे द्रवाच्या पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा. मळ काढण्याच्या कामात हवेचा वाटा जवळजवळ शून्य असतो. साबण अजून शिल्लक आहे की संपला याची खूण म्हणून फेस उपयोगी पडतो, एवढेच.

यंत्रात प्रत्यक्ष काय घडते?

आता साक्षीदाराकडे वळू. भांडी धुण्याचे पहिले उपयुक्त यंत्र अमेरिकेतील जोसेफीन कॉक्रन या बाईंनी केले. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडले गेले. भांडी जाळीत स्थिर ठेवायची आणि त्यांवर पाण्याचे फवारे सोडायचे, ही त्यांची कल्पना. आजचे यंत्र त्याच तत्त्वावर चालते. घासणारा हात त्यात कुठेच नाही.

यंत्र नळाचे पाणी आत घेते. प्रत्येक खेपेस ते साधारण ३ ते ५ लिटरच असते. हे पाणी तळाशी जमते, तापक ते तापवतो, पंप ते फिरत्या नळ्यांत ढकलतो आणि नळ्यांच्या छिद्रांतून ते भांड्यांवर उडते. या नळ्या फिरवायला वेगळी मोटर नसते. काही छिद्रे तिरपी असतात, पाणी एका बाजूला उडते आणि नळी उलट बाजूला ढकलली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे बागेतल्या फिरत्या कारंज्याइतकेच हे सोपे उदाहरण आहे. भांड्यांवरून ओघळलेले पाणी गाळणीतून जाऊन परत पंपात येते आणि पुन्हा उडवले जाते. तेच पाणी शेकडो वेळा फिरते, म्हणून एकूण पाणी १० ते १५ लिटरमध्ये भागते.

इथेच फेसाचा अडथळा कळतो. पंप पाणी ढकलण्यासाठी बनवलेला असतो. पाण्यात हवा मिसळली की त्याचा दाब पडतो, फवारे मंदावतात, नळ्या फिरायच्या थांबतात. शिवाय फेसाची गादी भांड्यांवर बसली की फवाऱ्याचा मार भांड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हाताने भांडी घासण्याचा द्रव साबण या यंत्रात कधीही घालू नये, असे माहितीपत्रकात ठळक छापलेले असते. घातल्यास दारातून फेस बाहेर येतो आणि भांडी मात्र तशीच राहतात. आपल्या धड्यानुसार ती लखलखीत व्हायला हवी होती!

फेसाऐवजी यंत्र कशाच्या भरवशावर काम करते, ते आता क्रमाने पाहू.

उष्णता. मुख्य धुण्याचे पाणी ५० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. खोबरेल साधारण २४ अंशांला वितळते, तूप तिशीच्या पुढे, वनस्पती तूप चाळिशीच्या आसपास. गार पाण्यात घट्ट बसलेली चरबी या तापमानाला पातळ होते आणि फवाऱ्याने निसटते. कोणताही रेणू येण्याआधी अर्धे काम झालेले असते.

आम्लारी. यंत्राच्या पावडरीत वजनाने मोठा वाटा असतो तो सोडियम कार्बोनेटचा, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचा. पाण्याचा सामू त्यामुळे १० ते ११ च्या घरात जातो. या पाण्यात प्रथिने आणि स्टार्चचे थर फुगून सैल होतात. जुन्या, वारंवार तापलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले असतात. त्यांची आम्लारीशी अभिक्रिया होऊन ताटावरच थोडा साबण तयार होतो. म्हणजे मळाचाच एक भाग मळ काढण्याच्या कामी लागतो. एका तासात सगळ्या तेलाचे साबणीकरण होत नाही, पण सुरुवातीला एवढे पुरते.

विकरे. स्टार्च तोडणारे अमायलेज आणि प्रथिने तोडणारे प्रोटिएज अशी दोन विकरे पावडरीत असतात. तोंडात घास चघळताना आणि जठर-आतड्यांत जे पचन होते, त्याचीच ही आवृत्ती. ताट जणू पचवून स्वच्छ केले जाते. मळ काढायला पाचक विकरे वापरण्याची कल्पना जुनी आहे. ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली कपड्यांसाठी तिचे पेटंट घेतले होते. तेव्हाची विकरे प्राण्यांच्या स्वादुपिंडातून मिळवलेली आणि आम्लारी पाण्यात टिकाव न धरणारी होती. आज ती बॅसिलस कुळातील जिवाणूंकडून मिळवतात आणि ती उष्ण, आम्लारी पाण्यातही तग धरतात. तरीही त्यांना वेळ लागतो, आणि फार उष्णता सोसत नाही. म्हणून यंत्र पाणी हळूहळू तापवते. त्यामागे आणखी एक कारण आहे. अंडे किंवा दूध एकदम कढत पाण्याच्या संपर्कात आले तर प्रथिने गोठून अधिकच चिकटतात. दुधाचे पातेले आधी गार पाण्यात भिजत घालावे, ही घरातल्या बायकांची शिकवण यंत्राने जशीच्या तशी उचलली आहे.

विरंजक. सोडियम परकार्बोनेट पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. ते चहाचे टॅनिन आणि हळदीचे कर्क्युमिन यांचे रंग मोडते. रंग गेला की डाग 'गेला' असे आपण म्हणतो.

दुष्फेनपणावर उपाय. यंत्राच्या तळाशी एका कप्प्यात आयनविनिमय करणारी राळ असते. पाण्यातले कॅल्शियम ती धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम देते. काही खेपांनंतर राळ कॅल्शियमने भरते. तेव्हा दाट मिठाचे पाणी तिच्यातून सोडले की समतोल उलटा सरकतो आणि राळ पूर्ववत होते. यंत्रात मीठ का घालायचे याचे हे उत्तर. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या पावसाचे साठवलेले हे पाणी बरेच सुफेन आहे. दख्खनच्या पठारावर विंधन विहिरीच्या पाण्यावर यंत्र चालवणाऱ्याला मात्र मिठाचा खर्च जास्त येतो. येथे लक्षात घ्यावे, की यंत्रात फेस नसतानाही दुष्फेन पाणी नडतेच, कारण कॅल्शियम कार्बोनेटचा पांढुरका थर काचेवर बसतो. पाण्याचा दोष कॅल्शियममध्ये आहे. फेस न येणे हे त्याचे एक लक्षण. आपल्या संज्ञेने लक्षणालाच रोगाचे नाव दिले आहे.

डोके-शेपटीचे रेणू. शेवटी तेही येतात. यंत्रात वापरतात ते प्रभाररहित, कमी फेसाळ प्रकारचे असतात. पाण्याला पसरू देणे हे त्यांचे मुख्य काम. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात ते पुन्हा थोडे सोडले जातात. त्यामुळे पाणी काचेवर थेंबाथेंबाने न थांबता पापुद्र्यासारखे निथळते आणि सुकल्यावर डाग राहत नाहीत.

वाळणे हा भागही वर्गात सांगण्यासारखा आहे. शेवटचे पाणी गरम असते, त्यामुळे भांडी तापतात आणि त्यांवरचे पाणी वाफ होऊन यंत्राच्या तुलनेने थंड भिंतींवर जमते. स्टीलची जाड ताटे उष्णता साठवतात म्हणून कोरडी निघतात. प्लॅस्टिकचा हलका डबा लवकर गार होतो, म्हणून ओलाच निघतो.

चार भागांचे वर्तुळ

हर्बर्ट सिनर हे जर्मनीतील हेंकेल या अपमार्जकांच्या कंपनीत काम करीत. त्यांनी १९५९ साली धुण्याच्या कोणत्याही क्रियेसाठी एक साधी मांडणी सुचवली. तिला सिनरचे वर्तुळ म्हणतात. रासायनिक क्रिया, तापमान, यांत्रिक जोर आणि वेळ असे वर्तुळाचे चार वाटे. एक वाटा कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो, तरच वर्तुळ पूर्ण होते.

या मांडणीत आपल्या घरातले सारे अनुभव बसतात. हाताने घासताना पाणी गार आणि वेळ थोडा, म्हणून मनगटाचा जोर मोठा. यंत्रात घासणे जवळजवळ नाही, म्हणून तापमान जास्त, रसायन तीव्र आणि वेळ दीड-दोन तासांचा. करपलेले पातेले रात्रभर भिजत घालतो तेव्हा आपण वेळाचा वाटा वाढवतो. आणि राखेने भांडी घासणारी आजी काय करीत होती? लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे आम्लारी. राखेचे कण आणि काथ्या किंवा नारळाची शेंडी, म्हणजे यांत्रिक जोर. राखेत शेपटीवाला एकही रेणू नसतो, फेसही नसतो, तरी भांडी निघत होती. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर यंत्राच्या पावडरीची जवळची नातेवाईक ही चुलीतली राख आहे. हिरव्या-पिवळ्या द्रव साबणाशी तिचे नाते लांबचे. साबणाच्या धड्याला ही राखही समजावता येत नाही आणि हे यंत्रही नाही. सिनरचे वर्तुळ मात्र दोन्ही समजावते.

यंत्राचाही हिशेब तपासावा

पाठ्यपुस्तकावर टीका करताना यंत्राचे विक्रेते सुटता कामा नयेत. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या बायकांचे येणे थांबले आणि शहरांत या यंत्रांची मागणी वाढली. तेव्हापासून 'यंत्र पाणी वाचवते' हे वाक्य वारंवार ऐकू येते. त्याचा एक आधार म्हणजे जर्मनीतील बॉन विद्यापीठात स्टामिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास. सात युरोपीय देशांतील शंभराहून अधिक माणसांना बारा जणांच्या जेवणाची १४० भांडी हाताने धुवायला दिली, तेव्हा सरासरी सुमारे १०३ लिटर पाणी लागले. यंत्राला सुमारे १५ लिटर पुरले. आकडे खरे आहेत. परंतु त्यांतली बरीच माणसे वाहत्या नळाखाली धुणारी होती आणि माणसामाणसांत फरकही फार मोठा होता. बादलीत भांडी विसळणाऱ्या घराला १०३ हा आकडा लावता येणार नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात तर दोन टबांत धुण्या-विसळण्याची पद्धत हरितगृह वायूंच्या बाबतीत यंत्रापेक्षाही सरस ठरली.

विजेचा हिशेब वर्गातच करता येईल. एका खेपेस ४ लिटर पाणी २८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे. लागणारी उष्णता ४ × ४.२ × ३२, म्हणजे सुमारे ५३८ किलोज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणून हे ०.१५ युनिट झाले. धुणे आणि शेवटचे विसळणे अशा दोन खेपा गरम धरल्या तर ०.३ युनिट. आत १० किलो स्टीलची भांडी असतील तर त्यांना १० × ०.५ × ३२, म्हणजे आणखी १६० किलोज्यूल. उरलेली वीज यंत्राचा धातू तापवण्यात, बाहेर जाणाऱ्या उष्णतेत आणि पंपात जाते आणि बेरीज एक युनिटच्या जवळ पोचते. आपल्या घरी भांडी गार पाण्याने घासली जातात, तिथे हा खर्च आधी शून्य होता. यंत्र पाणी वाचवील, वीज वाचवील असे नाही. ते वाचवते ते मुख्यतः कुणाचे तरी श्रम. हे श्रम आजवर घरातल्या बाईने किंवा कामाच्या बाईने केले आणि त्यांचा आकडा कुठल्याही तक्त्यात आला नाही. हा लाभ उघडपणे सांगावा, पाण्याच्या आकड्याआड लपवू नये.

आणखी एक मुद्दा. यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत भांड्यांना जो मळ लावतात त्यात अंडे, ओटची लापशी, पालक, खिमा, दूध, चहा आणि मार्गारीन असते. हळदीची फोडणी त्यात नाही. यंत्राची शिफारस करताना ही चाचणी कोणाच्या ताटावर झाली, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ॲल्युमिनियमची कढई किंवा कुकरची भांडी यंत्रात काळी पडतात, त्याचे कारणही रसायनशास्त्रातलेच. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उभयधर्मी आहे, आम्लारीत ते विरघळते आणि खालचा धातू उघडा पडतो. तापवून मुरवलेल्या लोखंडी तव्याचा तेलकट थरही आम्लारी सैल करते आणि तवा गंजतो.

पाणी सांडपाण्यात गेल्यावरचा विचारही करावा. पूर्वी या पावडरींत फॉस्फेट भरपूर असे. फॉस्फेटने तळी आणि खाड्यांतील शेवाळ माजते, म्हणून युरोपीय संघाने घरगुती यंत्रांच्या पावडरीतील फॉस्फरसवर १ जानेवारी २०१७ पासून कडक मर्यादा घातली. त्याची जागा सायट्रेटसारख्या पदार्थांनी घेतली. पावण्याच्या पश्चिमेला असलेली ठाणे खाडी २०२२ साली रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. तेव्हा आपल्या मोरीतून काय वाहून जाते हा प्रश्न आपल्याला परका नाही. जास्त फेस म्हणजे जास्त साबण, आणि तो घालवायला जास्त पाणी. फेसाच्या हौसेची किंमत शेवटी खाडीला आणि नळाला द्यावी लागते.

वर्गात करण्यासारखे

यंत्र शाळेत आणण्याची गरज नाही. पुढील तीन कृती पुरेत.

पहिली. भाताची घट्ट पेज पाच सारख्या स्टीलच्या वाट्यांत पातळ पसरून रात्रभर वाळू द्यावी. गहू मोड आणून वाटावेत, पाण्यात कालवून फडक्याने गाळावेत आणि साका बसल्यावर वरचे पाणी घ्यावे. त्यात अमायलेज असते. या पाण्याचा अर्धा भाग उकळून गार करावा. आता एका वाटीत साधे पाणी, दुसरीत साबणाचे पाणी, तिसरीत धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी, चौथीत मोडांचे कोमट पाणी आणि पाचवीत मोडांचे उकळून घेतलेले कोमट पाणी घालावे. न घासता एक तास ठेवून हलकेच विसळावे आणि टिंक्चर आयोडीनचे सौम्य द्रावण टाकावे. निळा रंग कुठे किती उरला ते मुलांनी टिपावे. पाचव्या वाटीचे प्रयोजन काय, हे मुलांनाच विचारावे.

दुसरी. ताटावरच्या हळदीच्या तेलकट डागावर सोड्याच्या द्रावणाचे थेंब टाकावेत. डाग लाल होतो. हळद हा दर्शक आहे. भांडी धुण्याचे पाणी आम्लारी आहे याचा पुरावा ताटातच मिळतो.

तिसरी शिक्षकांनी स्वतः करावी. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा तुकडा सोड्याच्या गरम द्रावणात टाकावा. बुडबुडे येतात आणि चकाकी जाते. खोलीची दारे-खिडक्या उघडी असावीत आणि जवळ ज्योत नसावी. यंत्राची पावडर मात्र मुलांच्या हाती देऊ नये, ती त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते.

धड्यातला मिसेलचा परिच्छेद काढून टाकावा असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या आधी एक प्रश्न मात्र यावा : ताटावर नेमके काय चिकटले आहे? तेल असेल तर एक उत्तर, भात असेल तर दुसरे, हळद असेल तर तिसरे. त्यानंतर सिनरचे चार वाटे यावेत आणि मुलांनी आपापल्या घरची पद्धत त्यात बसवून दाखवावी. पुस्तक बदलायला वर्षे लागतात. एवढा बदल शिक्षक पुढच्या तासालाच करू शकतात.